पंख्याच्या रिमोटची अस्सलबरहुकूम नक्कल

धाराशिवला तहसील कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीला लागून माझे टेबल आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यापुढचे जे काही आहे ते मी दुसऱ्यांचे कागद वाचून मिळवले. वारसनोंद, रेशनकार्डातील नावदुरुस्ती, पाणंद रस्त्याची तक्रार, असे अर्ज माझ्या हातून इतके गेले आहेत की, आत बसलेले कारकून कागद पाहूनच तो कोणत्या टेबलावरून आला हे ओळखतात. हे सांगण्याचे कारण एवढेच की, पुढे ज्या कामाची हकीकत येणार आहे ते काम माझ्या व्यवसायाबाहेरचे असले तरी मी ते व्यवसायाच्याच रीतीने केले, आणि चुकलोही त्याच रीतीने.

माझी थोरली बहीण, आक्का, दाजी गेल्यानंतर सास्तूरला एकटीच राहत होती. संधिवाताने तिच्या दोन्ही हातांची बोटे आत वळली आणि हात खांद्याच्या वर जाईना. जेवण शेजारच्या जावेकडून येत असे. पण भूकंपानंतर बांधून मिळालेल्या त्या घरात पंख्याचे बटण उंचावर आहे, तिथवर तिचा हात पोचत नसे. एका एप्रिलमध्ये मी गेलो तेव्हा ती बंद पंख्याखाली पदराने वारा घेत बसली होती. तिला मी त्याच दिवशी धाराशिवला आणले.

आमच्याकडे तिच्या खोलीत मी रिमोटवर चालणारा नवा पंखा बसवला. वस्तू चांगली होती. परंतु रिमोटची बटणे हरभऱ्याच्या दाण्याएवढी, आणि तिची बोटे दारात अडकल्यासारखी वाकडी. त्यामुळे पंखा सुरू करायला हाक, कमी करायला हाक. माझी पत्नी प्रत्येक वेळी जाई, कुरकुर न करता जाई. पण आक्काच हाक मारायचे टाळू लागली. कधी घामाने भिजलेली, कधी पूर्ण वेगातल्या पंख्याखाली गोधडी ओढून पडलेली अशी ती सापडे.

"मला सास्तूरला नेऊन सोड," एके दिवशी ती म्हणाली.

"तिथं काय करशील?"

"हितं तरी काय करती? हाक मारती. तिथं घामात बसंन, पर हाक मारायची न्हाय."

ही हाक बंद झाली की सास्तूरचा विषयही बंद होईल, असा मी निष्कर्ष काढला.

प्रथम मी पंखा बनवणाऱ्यांना पत्र लिहिले: मोठ्या बटणांचा रिमोट मिळावा, मिळत नसल्यास या रिमोटचे संकेत तरी कळवावेत. पत्र मुद्देसूद होते. उत्तर आले नाही. पत्नी म्हणाली, "आता पंख्यालाच एक अर्ज टाका. तुमचं कुनी तरी ऐकंल."

तिने ते चेष्टेने म्हटले असले तरी मार्ग तोच निघाला. रिमोटचे संकेत वाचता येतात, हे मी मोबाइलवरच्या एका हिंदी व्हिडिओत पाहिले. त्यासाठी लागणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड कुरियरने मागवला. दोन बोटे रुंदीची हिरवी पट्टी, तिच्यावर एक बारीक चिप. सोबत तीन पायांचा काळा रिसीव्हर, जो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पाहतो, आणि तसाच प्रकाश टाकणारा एक एलईडी. अर्ज टाइप करण्याचा माझा जुना लॅपटॉप त्याला जोडला. वाचन करणारा प्रोग्राम लोकांनी आधीच लिहून ठेवलेला असतो. आपण तो उतरवून घ्यायचा आणि लागेल तिथे दुरुस्त करायचा. अर्जाचा नमुना वापरतो तसेच.

रिसीव्हरसमोर रिमोट धरून मी बटण दाबले. पडद्यावर सदुसष्ट आकडे आले. प्रकाश किती वेळ होता आणि मग किती वेळ नव्हता, याची ती नोंद होती. आरंभी एक लांब प्रकाश, म्हणजे ऐकणाऱ्याने सावध व्हावे. त्यापुढचे प्रकाश मात्र सारखेच. फरक होता तो दोन प्रकाशांमधल्या खंडात: काही खंड आखूड, काही त्याच्या तिप्पट लांब. आखूड म्हणजे शून्य, लांब म्हणजे एक. रिमोटला जे सांगायचे असते ते तो गप्प राहण्याच्या अवधीतून सांगतो. अर्जदारही पुष्कळदा असेच सांगतात, त्यामुळे मला हे नवीन वाटले नाही.

शून्य आणि एक मिळून बत्तीस चिन्हे झाली. मी ती वहीत सुवाच्य उतरवली आणि त्यांचे आठ-आठचे चार गट पाडले. पहिला गट सर्व बटणांना समान होता. तो पत्ता, आपल्या अर्जातील 'प्रति' म्हणता येईल असा. तिसरा गट बटणाप्रमाणे बदलत होता. ती आज्ञा, म्हणजे अर्जाची विनंती. दुसरा गट पहिल्याचाच, फक्त उलटा: जिथे शून्य तिथे एक, जिथे एक तिथे शून्य. चौथाही तसाच तिसऱ्याचा उलटा. त्यांत नवे काहीच नव्हते.

पक्षकार एकच गोष्ट दोनदा सांगतात. दुसऱ्या वेळची गाळणे ही माझ्या कामातील पहिली शिस्त. मी दुसरा आणि चौथा गट गाळला, मसुदा निम्म्यावर आणला आणि एलईडीतून पंख्याकडे पाठवला.

पंखा हलला नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर एलईडी जांभळट लुकलुकत होता, म्हणजे प्रकाश जात होता. मी जवळून पाठवून पाहिले, स्टुलावर चढून पाहिले. आठवडा गेला. आक्का खाटेवरून बघत असे. एकदाच म्हणाली, "तुझा कागद आतल्या सायबाला पटंना वाटतं."

पुढच्या सोमवारी तेर गावाकडची एक वृद्ध बाई प्रतिज्ञापत्रासाठी टेबलाशी आली. जमिनीचे क्षेत्र मी आकड्यात लिहिले आणि खाली अक्षरात लिहू लागलो.

"आकडा लिवला न्हवं?" ती म्हणाली. "मग परत कशाला लिवताव? शाई लई झाली का?"

"मावशी, आकड्याच्या पुढं कुणीही एक रेघ ओढू शकतं. अक्षरात लिहिलं की दोन्ही ताडून बघता येतं. जुळलं तर खरं. न्हाय जुळलं तर कागद परत."

वाक्य पूर्ण झाले आणि माझे पेन थांबले. "काय झालं भाऊसायेब?" असे तिने दोनदा विचारले, मग मी पुढे लिहिले.

पंख्याकडून माझा कागद परत येत होता. पत्ता आणि त्याचा उलटा, आज्ञा आणि तिची उलटी, हे दोन्ही जुळल्याशिवाय तो हलणार नव्हता. घरी जाऊन मी गाळलेले दोन्ही गट जागेवर घातले. पहिल्याच प्रयत्नात पंखा फिरला.

दारावरच्या बेलची दोन मोठी बटणे आणून बोर्डाला जोडली आणि एलईडीसह एका फळीवर बसवली: एक चालू-बंदचे, एक वेगाचे. फळी खाटेच्या कडेला ठोकली. आक्काने कोपराने दाबले, पंखा सुरू झाला. पुन्हा दाबले, थांबला. असे तिने बराच वेळ केले. त्यानंतर चार दिवस त्या खोलीतून हाक आली नाही.

पाचव्या दिवशी तिने विचारले, "ह्यो पंखा वरनं निघतो का?"

"कशाला?"

"सास्तूरला लावायचा."

"आता कशाला जातीस? आता तर हाक मारायची गरज न्हाई."

"म्हनूनच की."

मी माझे म्हणणे मांडले. डॉक्टर इथे आहेत, औषध इथे मिळते, वय झाले आहे, लोक मला काय म्हणतील. मुद्दे एकूण सात होते. तिने कोपराने पंखा बंद केला आणि सगळे ऐकून घेतले.

"झालं तुझं? मग रविवारी चल."

रविवारी पंखा, फळी आणि आक्का यांना जीपमधून सास्तूरला नेले. वायरमनने पंखा चढवला. मी दोन्ही बटणांचे संकेत एका कागदावर लिहिले, अंकी व अक्षरी, खाली 'अस्सलबरहुकूम नक्कल', म्हणजे मुळाप्रमाणे खरी प्रत, असे लिहून माझा शिक्का मारला आणि कागद दाराच्या मागे चिकटवला.

"ह्ये काय डकवलंस?"

"नक्कल. बिघडलं तर कुणालाही परत करता यील."

"दाराचा रंग जातोय," ती म्हणाली. पण काढ म्हणाली नाही.

मी अंगणात येऊन उभा राहिलो. जीपवाल्याने हॉर्न दिला. आतून पंख्याचा आवाज सुरू झाला, काही वेळाने एक पायरी वाढला. मी आणखी थोडा थांबलो. हाक आली नाही, तेव्हा जाऊन जीपमध्ये बसलो.