दुरुस्तीला परवानगी लागत नाही

कायदा पाळण्याचा छंद जडलेला माणूस मी एकच पाहिला. आमच्या शेजारचे तात्या. देवळालीच्या आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहतात. नवी खोली काढायला परवानगी लागते, दुरुस्तीला लागत नाही, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं आणि तेव्हापासून ते घराची नुसती दुरुस्तीच करतात. रंग, गिलावा, फरशी, दारं. बाबू गवंडी त्यांच्याकडे इतक्या नेमानं येतो की त्याची बायको डबा परस्पर तिथंच पाठवते. मी पत्रकं काढणारा माणूस. परवानग्यांच्या जाचाविरुद्ध गावभर पत्रकं वाटली आहेत. एकदा न राहवून म्हणालो, "तात्या, सरळ मागं एक खोली टाका. भ्यायचं कुणाला?"

"तू पत्रकं वाट, पुढारी. पोरगं घरी यायचं आन् दाराला नोटीस चिकटलेली दिसायची! लई शोभंल."

पोरगं म्हणजे त्यांचा पुण्यातला मुलगा. काकू गेल्यापासून तात्या घरात एकटे. सुट्टीत सगळ्यांनी चार दिवस राहायला यावं म्हणून दर उन्हाळ्यात ते फोन करतात आणि मुलगा दर उन्हाळ्यात एक अडचण सांगतो. दुसरा बाप खट्टू झाला असता. तात्या गवंड्याला बोलावतात. नातवाला खाली बसायचा संडास जमत नाही म्हटल्यावर कमोड बसला. पत्र्याखाली उकडतं म्हटल्यावर आतून थर्माकोलचं छत आलं. सूनबाईचा पाय घसरतो म्हटल्यावर चांगली शहाबादी उखडून अशी खरबरीत फरशी आली की तिच्यावर खुद्द तात्यांचीच चप्पल अडकते. बाबू दारातूनच विचारायचा, "तात्या, औंदा काय म्हनलं पोरगं?" आणि अडचण ऐकून सिमेंट किती लागेल ते सांगायचा.

यंदाही त्यानं विचारलं. मी तिथंच बसलो होतो.

"बघू म्हनला," तात्या म्हणाले.

बाबू थापीवरचं सुकलेलं सिमेंट नखानं खरवडू लागला. शेवटी तात्याच हसले. "कमोड म्हनला, कमोड बसवला. 'बघू'ला काय बसवायचं, सांग!"

बाबू पिशवी उचलून निघाला, तसे तात्या घाईनं म्हणाले, "ही दारातली पायरी हलती का रं?" पायरी हलत नव्हती. बाबूनं तिच्यावर पाय दाबून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हलती की. लई हलती." त्यानं ती उखडली आणि दुपारभर चहा पीत, गप्पा मारत पुन्हा तिथंच बसवली.

नव्या सिमेंटला काही दिवस पाणी मारावं लागतं. ते दिवस केव्हाच सरले. पायरी दगडासारखी पक्की झाली आहे. तरी संध्याकाळ झाली की तात्या बादली घेऊन बाहेर येतात, ती भिजवतात आणि पाणी सुकेपर्यंत रस्त्याकडे बघत उभे राहतात. परवा मी म्हणालो, "तात्या, आत चला आता."

"तू हो फुडं," ते म्हणाले. "पायरी वली हाय. कुनी आलं-बिलं तर सांगाया नको?"