दुसऱ्या दोरीवरचा थॉमस

नौदलातून निवृत्त होण्याआधी माझी शेवटची पोस्टिंग गोव्याला होती. मी मूळचा दिंडोरीचा, द्राक्षबागेत वाढलेला. डोलकाठी पहिल्यांदा पाहिली ती नौदलातच. गोव्यात आमच्याकडे शिडाच्या छोट्या बोटींची देखभाल होती. लीडिंग सीमन थॉमस माझा जोडीदार. केरळचा, अबोल. दिवसभर आम्ही एकत्र असायचो आणि कामापुरतं बोलायचो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी एका बोटीचं शीड वर जाईना. दोरी डोलकाठीच्या टोकाला अडकली होती. मी वजनाने हलका, म्हणून वर जाणार मी.

या कामाचे नियम साधे आहेत. बोट धक्क्याला घट्ट बांधायची. माणूस कापडी बैठकीत बसतो. एक दोरी त्याला वर खेचते, दुसरी फक्त सांभाळते, आणि दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांवरून येतात. बैठकीला दोरी कडीने अडकवायची नाही, थेट गाठ मारायची. हत्यारं कमरेला बांधायची. खाली कुणी उभं राहायचं नाही. थॉमसने माझ्या दोन्ही गाठी ओढून पाहिल्या. मग मला गुडघाभर उचलून हिसके द्यायला लावले.

"ठीक?"

"ठीक. अप."

दोरी गुंडाळून खेचणाऱ्या विंचवर दुसरा एक खलाशी होता. सांभाळायची दोरी थॉमसकडे. मी वर पोचलो, अडकलेली दोरी सोडवली. तेवढ्यात शेजारून एक ट्रॉलर वेगात गेला. त्याच्या लाटेने बोट डुलली. खाली जे वीतभर हलतं, ते वर दोन हात हलतं. मी डोलकाठीवर आपटलो आणि मला उचलणारी कप्पी निखळली.

हातभर खाली आलो आणि थांबलो. दुसऱ्या दोरीवर लटकत होतो.

"मस्तूल पकड," खालून थॉमस म्हणाला. आवाज नेहमीचाच. "नीचे मत देख. मैं हूँ."

मी डोलकाठी धरली. मग त्याने मला सावकाश उतरवलं. त्याचे तळहात सोलून निघाले होते.

"चाय?" तो म्हणाला.

मी निवृत्त होऊन नाशिकला आलो. थॉमसची बदली जहाजावर झाली. खवळलेल्या समुद्रात डेकवरची सुटलेली होडी बांधताना लाटेने त्याला ओढून नेलं. पुष्कळ शोधलं. तो सापडला नाही.

बातमी मला गंगापूर रोडच्या घरी फोनवर कळली. बायको आदल्या वर्षीच गेली होती, मुलगी परदेशात. सांगायला घरात कुणी नव्हतं. शेजारचे विचारायचे, "काका, नेव्हीत मजा असेल ना?" मी हो म्हणायचो.

नंतर मी केरळला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने मला जेवायला वाढलं. तिला हिंदी येत नव्हती, मला मल्याळम. त्याचा भाऊ मध्ये बसला. जेवण झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

"माँ पूछ रही है," भाऊ म्हणाला, "वो अच्छा तैरता था?"

"हम सबमें सबसे अच्छा."

भावाने ते तिला मल्याळममध्ये सांगितलं. ती उठली आणि माझं ताट घेऊन आत गेली. हे उत्तर तिला हवं होतं की नको होतं, मला अजून समजलेलं नाही.