रस्त्यावरचे नऊ गोटे

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. बायकोले नाही, देवालेही नाही — देवाले दिसलं असेल ते असेल, पण माझ्या तोंडून गेलं नाही. चौथी शिकलेला माणूस आहो मी. अक्षर वाकडं, अन् स्वभाव अक्षराहून वाकडा. तरी लिहून राह्यलो. काहून? ते येईलच पुढं. आधी जरा दम घेऊ द्या.

गाव आमचं बालाघाट जिल्ह्यातलं, लांजीच्या रोडवर. घरात मराठी, रोडवर हिंदी. मी जन्मभर सायकलनं फिरलो. धानाच्या बांधीत, म्हणजे वावरात जायचं तं सायकल, बाजारात जायचं तं सायकल, पोरीच्या सासरी जायचं तरी सायकल. मुलगा म्हणाला, गाडी घेऊन देतो. मी म्हटलं, जी पेट्रोल पेल्याशिवाय जागची हालत नाही तिच्यावर मी बसत नाही. लोकं हसले. मले बरं वाटलं. ऐट होती मले — अजूनही आहे, खोटं काहून बोलू?

शाळेत दरसाल रोडच्या सुरक्षेचा कार्यक्रम होते, तेव्हा मले बोलावतात. म्हातारा अजून सायकल चालवते, धूर सोडत नाही, डाव्या बाजूनं जाते, मागच्या मडगार्डले लाल चमकपट्टी लावते — असा मी नमुना. मी पोरीयले सांगतो, रोड आपल्या एकट्याचा नसते. मागच्या साली गुरुजींनी गळ्यात हार घातला अन् माइकवर म्हणाले, "दादाजी ने एक बाई की जान बचाई थी." टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली. लोकायले वाटलं, म्हातारा लाजला.

ती बाई म्हणजे लता. माझा चुलतभाऊ दौलत, त्याची सून. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील या गोष्टीले. तेव्हा ती नवीनच कामाले लागली होती, पलीकडच्या गावच्या आंगणवाडीत. रोज सकाळी सायकलनं जायची. पदर कमरेले खोचलेला, डबा हँडलले. आमच्या गावात सायकलवर बसून कामाले जाणारी पहिली सून. मले मामाजी म्हणायची, सासऱ्याले म्हणायची तसंच. एकदा चढावावर मागून आली अन् म्हणाली, "मामाजी, जरा बाजूले सरका, मले उशीर होऊन राह्यला." अन् गेली पुढं. पानठेल्यावर दोघं-तिघं पाहून राह्यलते. एक म्हणाला, "काका, सुनेनं कट मारला तुम्हाले." मी हसलो. पण लागलं मले. खरं सांगतो, थोडं लागलं.

आता धानाचं सांगतो, नाही तं पुढचं समजणार नाही. तेव्हा आमच्याकडं धान खळ्यात कमी अन् डांबरी रोडवर जास्त वाळायचा. डांबर तापते, धान लवकर सुकते. अर्धा रोड धानाचा, अर्धा गाड्यांचा. काठानं मोठे गोटे मांडायचे, म्हणजे कोणी धानावरून गाडी नेत नाही. सांजेले धान पोत्यात भरला का गोटे उचलून नालीत टाकायचे. एवढाच नेम होता — लिहिलेला नाही, पण सगळ्यायले ठाऊक.

रोडवर चांगली जागा एकच, वळणाच्या अलीकडं. तिथली मोहाची झाडं रोड रुंद करताना तोडली, तेव्हापासून दिवसभर ऊन. त्या जागेवरून माझं अन् दौलतचं दरसाल जुंपायचं. जो सकाळी आधी येईल, जागा त्याची.

त्या सांजेले मी धान भरला अन् गोटे तसेच ठेवले. विसरलो नाही. विसरलो असतो तं आज हे लिहायची पाळी आली नसती. मुद्दाम ठेवले — बसच्या सीटवर रुमाल टाकतात ना, तशी जागा धरली. नऊ गोटे. बायको पोत्याचं तोंड शिवता शिवता म्हणाली, "गोटे उचला ना. सकाळी धुकं पडते."

"राहू दे. दौलतले समजू दे."

"दौलतभाऊजीले समजेल. धुक्याले कोण समजावेल?"

मी शिवलेलं पोतं उचलून सायकलवर टाकलं. 

सकाळी धुकं असं का स्वतःचा हात दिसत नव्हता. मी जागा सांभाळाले लवकरच निघालतो. वळणाजवळ आलो अन् समोर धाडकन आवाज झाला. मग कण्हणं. मी म्हटलं, "कोण हाय?" धुक्यातून आवाज आला, "मामाजी, मी लता."

आता — आता तुम्ही सांगा, अशा वेळी माणूस आधी काय करते?

मी गोटे उचलले.

लिहिलं एकदाचं. तिच्याजवळ गेलो नाही. वाकून एक-एक गोटा उचलला अन् नालीत टाकला. ती म्हणाली, "मामाजी, माझा हात पहा ना." मी म्हटलं, "आलो बाई, थांब" — अन् सातवा गोटा उचलला. मग आठवा. नवव्याले तिच्या सायकलचं चाक टेकलं होतं, पार आठाच्या आकड्यासारखं झालेलं. ते बाजूले करून तोही टाकला. मग तिच्याकडं गेलो.

त्याच्यानंतरचं सगळं गावाले माहीत आहे. मी तिले उचललं, रोडवर उभं राहून जीप थांबवली, लांजीच्या दवाखान्यापर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. ते खोटं नव्हतं.  पण लोकायनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, ट्रक बिघडला असेल, ड्रायव्हरनं चाकाले गोटा लावला अन् तसाच टाकून गेला, मीच बाजूले केला. सगळ्यायनं ट्रकवाल्याले शिव्या दिल्या. मीही दिल्या. कोणापेक्षा कमी दिल्या नाहीत.

तेवढ्यावरही थांबलो नाही. आठ दिवसांनी पानठेल्यावर एकानं म्हटलं, गोटा तं गोटा, दिसला कसा नाही तिले? अन् मी — मले कोणी विचारलं नव्हतं — मी म्हणालो, "हात डगमगला असेल तिचा. मी पाह्यलं ना." काहून म्हणालो? कोणाचा शक माझ्याकडं येऊ नये म्हणून? का चढावावर ती पुढं गेली होती म्हणून? दोन्ही असेल. ते बोलणं दौलतच्या घरी पोचलं. लताचा हात बसला, जरा वाकडा बसला. सायकल दौलतनं गोठ्यात आढ्याले टांगली. मग ती पायी जाऊ लागली, जाताना कोस अन् येताना कोस, कधी जीपच्या मागं लोंबकळत. आणखी दोन सुनांनी घरी सायकल मागितली होती. त्यायले घरच्यायनं लताचा हात दाखवला. एका माझ्या बोलण्यानं किती जणी खाली उतरल्या, सांगा?

बायको एकदा नालीपर्यंत जाऊन आली. गोटे पाह्यले तिनं. कधी काही विचारलं नाही, अन् मी सांगितलं नाही. चार वर्षांखाली ती गेली. शेवटचे आठ दिवस मी तिच्या उशाशीच होतो. तेव्हाही तोंड उघडलं नाही.

पुढं पंचायतीत भांडून मी सिमेंटचं खळं करून घेतलं. रोडवर धान टाकायचा नाही, असं ठरवलं. दौलतनं विरोध केला तं त्याच्याशी बोलणं सोडलं. लोकं म्हणतात, शहाणा माणूस. रोज सकाळी मी रोडवरचे गोटे, काचा बाजूले करत जातो. लोकं म्हणतात, पुण्यवान माणूस. तुम्ही तसं समजू नका. ही लपवालपवीच आहे, फक्त जास्त मेहनतीची.

मग आज काहून सांगतो? ऐका.

आता सकाळी आमच्या रोडवर पोरीयची रांग असते, सरकारी सायकलींची. धूर नाही, धूळ नाही, गप्पा मारत जातात. ट्रकवाले त्यायले पाहून गाडी हळू करतात — मी उभा असलो तं जरा जास्तच हळू. लताची पोरगी त्याच रांगेत आहे. यंदा दिवाळीनंतर लतानं आपली जुनी सायकल आढ्यावरून काढली, नवं चाक, नवे टायर टाकले अन् माझ्या अंगणात आणून उभी केली. "मामाजी, मागून धरा. मले तुमचाच भरोसा आहे."

मी धरली. दहा दिवस शाळेच्या मैदानात कॅरिअर धरून तिच्या मागं पळलो, या वयात. तिचे केस पांढरे होऊन राह्यले, मी धापा टाकून राह्यलो. पोरगी कडेनं हसते, "आजोबा, आई तुम्हाले दवाखान्यात पाठवते आता." पण लता भिते. थोडी चालली का पाय खाली टेकते. परवा तसाच पाय टेकला अन् मले म्हणाली — रागानं नाही, साध्या आवाजात — "तेव्हाही माझाच हात डगमगला होता ना, मामाजी? तुम्ही तं पाह्यलं होतं."

इतकी वर्षं माझं ते बोलणं तिच्या अंगात बसलं होतं. मी म्हटलं, "समोर पहा." 

काल मी तिले न सांगता कॅरिअर सोडलं. ती गेली. मैदानाच्या टोकापर्यंत गेली, तिकडून आपल्याच हातानं वळली अन् माझ्यासमोर येऊन उतरली. तोंड लाल, डोळे असे चमकत होते.

"सोडलं होतं का तुम्ही?"

"हौ."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

हसत विचारलं तिनं. मले घरी येऊन जेवण गेलं नाही.

उद्या ती रोडवर निघणार आहे, आंगणवाडीत. त्याच्या आधी हे कागद तिच्या हातात देणार आहो. वाकडं अक्षर लागते तिले. गावातले अर्ज तीच वाचते. दौलतले देईल, गुरुजीले देईल, फाडून टाकेल — तिची मर्जी. कॅरिअर धराले आता तिले कोणी लागत नाही.

लता, तुले दवाखान्यात ठेवून मी परत आलो तेव्हा धुकं फाटलं होतं. दवानं डांबर ओलं होतं अन् त्याच्यावर तुझ्या चाकाची रेघ होती. मी तिच्याजवळ बराच वेळ उभा होतो. मग ऊन आलं अन् ती वाळली. डाव्या बाजूनं, दोरी धरल्यासारखी, गोट्याच्या जागेपर्यंत सरळ होती ती. तुझा हात डगमगला नव्हता.