मास्तरांनी तपासलेले कान

मास्तर म्हणजे शिंपीमास्तर. शाळेशी त्यांचा संबंध गणवेशापुरता. दुकान माडीवर, जमीन लाकडी फळ्यांची. मशीन चाललं की सगळी माडी थरथरायची आणि खालचा इस्त्रीवाला ओरडायचा, "मास्तर, कपडे शिवताय की घर पाडताय?"

लेक कामावर जाताना आपली दोन वर्षांची पोर त्यांच्याकडे सोडायची. मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी गोलमटोल, सारखी गरगर फिरणारी, म्हणून आजोबांनी नावच ठेवलं बॉबिन.

एकदा बॉबिनला ताप चढला, आकडी आली. दवाखान्यात कळलं, मेंदूच्या आवरणाला जंतूंनी सूज आणलीय. लेक डॉक्टरबाईंवर भडकलीच, "अहो, एकूण एक लस टोचलीय हिला!"

"लशींमुळेच हा आजार आता क्वचित दिसतो. पण या जंतूंच्या जाती पुष्कळ. एखादी निसटते."

पोर वाचली. घरी सोडताना बाईंनी बजावलं, "कान लगेच तपासून घ्या. उशीर नको."

मास्तरांनी कान स्वतःच तपासले. बॉबिन पाठमोरी खेळत असताना पायडल मारलं. ती गर्रकन वळली नि हसत धावत आली.

"बघ! ऐकतेय की कार्टी! कशाला पुन्हा त्या सुया न् नळ्या?"

लेकीला तरी दुसरं काय ऐकायचं होतं? तपासणी पुढच्या आठवड्यावर गेली, मग पुढच्या महिन्यावर. बॉबिन "आबा" म्हणेनाशी झाली, तर मास्तर म्हणाले, "रुसलीय."

एके दुपारी इस्त्रीवाला कपडे द्यायला वर आला. त्यानं बॉबिनला कडेवर घेतलं. मशीन धडधडत होतं. पोर आपली खिडकीबाहेर बघत राहिली.

"आज आजोबांशी कट्टी वाटतं," म्हणत त्यानं तिला खाली सोडलं. फळ्यांना पाय लागले मात्र, बॉबिन वळून धावत आली.

मास्तरांचा पाय थांबला. "उचल रे तिला. पुन्हा उचल."

त्यानं उचललं. मास्तरांनी जीव खाऊन पायडल मारलं. पोरीनं मानसुद्धा वळवली नाही.

त्या सुजेनं दोन्ही कान गेले होते. "कानाच्या आतल्या पोकळीत हाड धरायला लागलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शस्त्रक्रिया करून ऐकायचं यंत्र बसवायचा प्रयत्न करू, पण आतली जागाच बुजत चाललीय, खात्री देत नाही. तेव्हाच आणायला हवं होतं."

लेक पोरीला कडेवर घेऊन बापाच्या पुढे निघून गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर मशीनपुढे नुसते बसून राहिले. बॉबिननं मशीनच्या फळीवर गाल टेकला. वाट पाहिली. मग त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं. मास्तर पायडल मारू लागले. गाल फळीला चिकटवून बॉबिन खुदखुदत होती. खालून इस्त्रीवाला त्या दिवशी ओरडला नाही.