थर्लबींची बाकं

इंग्लंडातल्या लिंकनशरच्या सखल, पाणथळ मुलखात एडविन थर्लबींनी बांधलेली चर्चं लांबूनच ओळखू यायची. मनोरा सडपातळ, कमानी उंच आणि खिडक्या अशा की ढगाळ दिवशीही आत उजेड रेंगाळायचा. माणूस मोठा प्रेमळ. नवा घडवलेला दगड दिसला की घोड्याला थोपटावं तसा त्यावरून हात फिरवायचे, आणि गवंड्यांच्या घरच्या आजारपणाची चौकशी केल्याशिवाय कामाचं बोलायचे नाहीत.

एका बाबतीत मात्र कुणाचं ऐकत नसत. त्यांची बाकं अरुंद असायची आणि पाठ अगदी उभी. देवासमोर माणसानं ताठ बसावं, असं त्यांचं म्हणणं. नव्या चर्चमधली पहिली प्रार्थना आटोपून घरी आलं की त्यांची बायको लेटिस कमरेला गरम विटेचा शेक घ्यायची. थर्लबी स्वतः कधी बसतच नसत. मागे दाराशी उभे राहून छत न्याहाळायचे.

मार्थॉर्पचं चर्च पुरं होत आलं असताना परांचीची फळी निसटली आणि थर्लबी खाली आले. जीव वाचला, पाय मोडला. पहिल्या प्रार्थनेला दोघा सुतारांनी त्यांना उचलून आणलं आणि पुढच्या बाकावर, लेटिसशेजारी बसवलं.

पाद्रीबुवांनी प्रवचनाला बायबलातली नोहाची, महापुराची गोष्ट घेतली. नोहाचं तारू बांधून होईतो थर्लबींची पाठ भरून आली. पाऊस सुरू झाला तसे ते चुळबुळू लागले. पूर काही ओसरेना.

मागच्या बाकावर पाववाल्याची विधवा मिसेस गॉडबर बसली होती. तिनं पुढे वाकून आपली उशी त्यांच्या हातात दिली.

"घ्या साहेब, पाठीशी धरा. पूर ओसरला का बघायला अजून कबुतर सुटायचंय."

"पण तुमचं काय?"

"माझ्याकडे दुसरी आहे. तुमच्या चर्चमध्ये यायचं म्हणून दोन आणल्या."

लेटिसनं हसू दाबायला तोंडावर रुमाल धरला. थर्लबींचे कान लाल झाले, पण उशी त्यांनी परत केली नाही.

घरी परतताना बग्गीत त्यांनी बायकोकडे वळून विचारलं.

"लेटिस, इतकी वर्षं तू मला सांगितलं का नाहीस?"

"दर खेपेला सांगितलं. तुम्ही छताकडे बघत होतात."

यावर त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि तो घर येईपर्यंत सोडला नाही.

कुबड्यांवर चालता येऊ लागल्यावर ते सुताराला घेऊन आपल्याच जुन्या चर्चांमधून हिंडले. पाठी कलत्या केल्या, बैठका रुंद केल्या. एका पाद्रीबुवांनी तक्रार केली, "थर्लबी, आता माणसं प्रवचनात घोरायला लागली."

"घोरू देत, बुवा. आठवडाभर राबलेली असतात."

पुढे समुद्रकाठच्या एका गावाचं काम आलं. कागदावर रेघ ओढण्याआधी थर्लबी तिथल्या कोळणींच्या घोळक्यात जाऊन बसले आणि चर्चमध्ये काय काय हवं ते विचारलं. बायकांनी आधी एकमेकींकडे बघितलं. मग एकीनं सांगितलं, वारा दारातून थेट मानेवर येणार नाही, तेवढं बघा. दुसरीला ओल्या शाली वाळत घालायला जागा हवी होती, तीही शेगडीजवळ.

त्या चर्चचा मनोरा बुटकाच निघाला, कारण पैसे आडभिंतीत आणि शेगडीत गेले. थर्लबींना मात्र आपल्या साऱ्या कामांत तेच सर्वांत लाडकं होतं. म्हातारपणी ते लेटिसला घेऊन तिथे जायचे आणि मधल्या बाकावर शेवटपर्यंत बसायचे.