पायातलं न काढणारा वायरमन

अक्षर माझं वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच सुटलं, चुकेल ते सांभाळून घ्यावं. सिद्रामआण्णा गेल्या महिन्यात वारले. तिरडीवर ठेवताना कुणीतरी त्यांचे बूट काढले. ते पाहून मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही.

निपाणीत आमच्याच गल्लीत राहणारे आण्णा वायरमन होते. कुणाच्याही उंबऱ्यावर ते पायातलं काढत नसत. रबरी तळाचे, विटलेले कॅनव्हासचे बूट घालून थेट आत शिरत, अगदी देवघरातसुद्धा. बायका ओरडत. "देवाला माझं बूट चालत्यात, मढं चालणार न्हाय," म्हणत ते शिडी लावायचे. आधी फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकायचे आणि वर थाप मारायचे. "आता जीव माझ्याजवळ हाय."

मी तेव्हा एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे धुणीभांडी करायची. सन ऐंशीच्या आसपास मालकांनी पाठीच्या दुखण्यासाठी न्हाणीघरात मोठा टब बसवला. शेजारी तांब्याची टाकी, तिच्यात विजेची कॉइल. पाणी तापलं की नळ सोडून टब भरायचं काम माझं. मग बटण बंद करून मालक आत उतरायचे.

नळाला हात लावला की मला कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. वहिनींना, म्हणजे मालकिणीला, सांगितलं तर म्हणाल्या, "आम्हाला कुणाला बसत नाही शॉक, तुलाच बरा बसतो? कामाचा कंटाळा आला म्हण की." एक दिवस असा झटका बसला की टबात टाकायच्या औषधी मिठाची चिनी मातीची बरणी हातातून पडून फुटली. तिचे चाळीस रुपये, महिना दहा करून, माझ्या पगारातून कापले. मी "बरं" म्हणाले. त्या "बरं"बद्दल मला त्यांच्याइतकाच स्वतःचाही राग येतो.

माझ्या शॉकसाठी कुणी वायरमन बोलावला नाही. पाणी तापेना झालं, तेव्हा बोलावला.

आण्णांनी एका बल्बला दोन वायरी जोडल्या. एक टोक नळाला लावलं, दुसरं मोरीच्या लोखंडी पायपाला. बल्ब पेटला.

"कॉइल फुटलीया, करंट नळात उतरतोय. अर्थिंग दिलेलंच न्हाय. शॉक बसला काय कुणाला?"

मी हातातलं फडकं पिळत राहिले.

"हिला बसतो म्हणे," वहिनी म्हणाल्या.

आण्णांनी सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं. मालक आणि वहिनींच्या पायांत रबरी चपला. माझे पाय ओल्या फरशीवर उघडे. मोलकरणीनं चपला मागच्या दाराबाहेर काढायच्या, असा त्या घरचा नियम होता.

"करंट जात बघत न्हाय, पाय बघतो," आण्णा म्हणाले.

"थोडाफार असतोच रे करंट," मालक म्हणाले.

"व्हय? मग काढा चपला आन् लावा हात."

मालकांनी एक चप्पल काढली. पाय काही फरशीवर टेकला नाही. नळाकडे बघत बघत त्यांनी ती परत घातली.

आण्णांनी टाकीचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि ते माझ्याकडे वळले. "आता सांग गं आक्का, काय काय झालं."

मी बरणीचं सांगितलं. त्या घरात माझा आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला.

"कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा मारतो, कॉइल बदलतो," आण्णा मालकांना म्हणाले. "पर हिचं पैसं दिल्याबिगर फ्यूज मिळायचा न्हाय."

"माझ्या घरातला फ्यूज नेतोस? पोलिसात देईन."

"द्या की. बरणी कशी फुटली ते मीबी तिथंच सांगतो."

आठ दिवस मालकांनी तो टब कोरडा ठेवला. चुलीवरचं पाणी मीच बादल्यांनी वाहिलं. मालकांची पाठ आठ दिवस दुखली, माझी त्याआधीपासून दुखत होती, तिच्यासाठी कुणी टब आणला नव्हता.

नवव्या दिवशी निरोप गेला. आण्णांनी खड्डा मारला, कॉइल बदलली, मग ते बूट घालूनच स्वयंपाकघरात आले आणि खिशावर थाप मारून उभे राहिले. वहिनींनी नोटा ओट्यावर टाकल्या.

"तिच्या हातात द्या."

वहिनींनी नोटा उचलून माझ्या हातात दिल्या.

"मोज आक्का. मोठ्यानं."

मी मोजल्या. दहा, वीस, तीस, चाळीस.