घायपाताच्या बांधावरचं टेस्टिंग

“स्टॉप! स्टॉप!” मागून अलोन्सो ओरडला आणि मी पांदण रस्त्याच्या मधोमध करकचून ब्रेक दाबला. जीप पुरती थांबायच्या आत तो उडी मारून पळाला. मला वाटलं, पोट बिघडलं. टूरवरचा पाहुणा असा पळाला की बहुतेक वेळा तेच असतं. मी गुपचूप पाण्याची बाटली काढून खाली उतरलो.

पण तो झुडपाआड गेला नाही. शेताच्या बांधावर घायपाताची ओळ होती, तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. घायपात तुम्ही पाहिलं असेल, नाव माहीत नसलं तरी. लांब, जाड पानं, प्रत्येक पानाच्या टोकाला सुईसारखा काटा. ढोरं शेतात शिरू नयेत म्हणून आमच्याकडे बांधाला लावतात. माझ्या गावाकडे, सिंदीला, रेल्वेलाइनच्या कडेनंही भरपूर आहे. त्यातल्या एका झाडाला फुलाचा दांडा आला होता, टेलिफोनच्या खांबाएवढा उंच. अलोन्सोने पानावर तळवा ठेवला आणि मान वर करून त्या फुलाकडे बघत राहिला. थोड्या वेळाने लक्षात आलं, तो रडतोय.

मी त्या वेळी नागपूरच्या एका टूर कंपनीसाठी जीप चालवायचो. जीप माझी, पाहुणे कंपनीचे. दोन हजार सालानंतरची दोनेक वर्षं असतील. ऑफ-रोड टूर म्हणजे डांबरी रस्ता सोडून पांदणीतून, नाल्यातून, दगडधोंड्यांतून गाडी काढायची. पांदण म्हणजे शेतांमधली बैलगाडीची वाट. तिथे चारही चाकांना ताकद देणारा गिअर टाकावा लागतो, आणि पाहुण्यांनी दांडा घट्ट धरून बसायचं असतं. हिंगणीच्या अलीकडून वळायचं, धरणाचं पाणी लांबून दाखवायचं, मग गावात जेवण आणि परत. हंगाम दिवाळीपासून सुरू व्हायचा. कापूस फुटलेला असायचा, ऊन कोवळं असायचं. मला ते काम मनापासून आवडायचं, हे आधीच सांगून टाकतो.

कंपनीचे मालक गुड्डूभाऊ. त्यांनी कुठल्यातरी परदेशी टूरचं ब्रोशर पाहिलं होतं. जीप, व्हिलेज स्टॉप आणि शेवटी टकीला टेस्टिंग. टेस्टिंग म्हणजे घोट घोट चव घेऊन बघणं. भाऊंना ते इतकं आवडलं की त्यांनी आमच्याही कागदावर छापून टाकलं. मी फोन केला.

“भाऊ, हे टकीलाचं काय लिवलं तुमी?”

“अबे, पार्टीत एक मेक्सिकोवाला येऊन राह्यला. त्याच्यापाशी बाटली असनच. त्याले घेऊन ये म्हटलं मी.”

“भाऊ, वर्धा जिल्हा हाय हा. दारूबंदी हाय.”

“गावात कोन पाह्यते बे?”

“ज्याच्या घरी बाटली सापडली त्याले धरतेत. ती बाई आपल्याले जेवू घालते, तिच्या आंगनात मी बाटली खोलू देनार नाई.”

“बरं बा, नको. तू तर मास्तरच झाला.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमचा जिल्हा आश्रमाचा, म्हणून इथे दारू विकायलाही बंदी आणि जवळ बाळगायलाही. परमिट वगैरे प्रकार असतो, पण अलोन्सोकडे तसलं काही नव्हतं. भाऊंनी ‘नको’ म्हटलं ते मला. पाहुण्याला मात्र बेत रद्द झाल्याचं त्यांनी कळवलंच नव्हतं.

अलोन्सो एका कारखान्यात मशीन बसवायला आला होता. त्याच्याबरोबर पुण्याचे दोन इंजिनिअर होते. बांधावर तो शांत झाला तेव्हा मी पाणी दिलं. तो इंग्रजीत बोलायचा, माझ्यासारखंच अडखळत, म्हणून आमचं छान जमायचं.

“माझे वडील जन्मभर हेच कापत होते,” तो म्हणाला. “हे नाही, याचं भावंड. आमचं निळसर असतं. टकीला त्याचीच होते.”

मी चाट पडलो. आमच्याकडे घायपाताचे फार तर दोर होतात. बैलाच्या गळ्यापलीकडे त्याची काही मजल असेल असं कधी वाटलं नव्हतं.

“आम्ही त्याला फुलू देत नाही,” तो म्हणाला. “दांडा दिसला की छाटायचा, नाहीतर गोडवा सगळा फुलात जातो. वडिलांनी हजारो दांडे छाटले असतील. इतकं मोठं झालेलं फूल त्यांनी बहुतेक पाहिलंच नाही.”

मग त्याने सॅकमधून टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढली. बाटलीला साधा पांढरा कागद चिकटवलेला होता, त्यावर हाताने काहीतरी लिहिलेलं. तो भारतात यायला निघाला तेव्हा वडिलांनी दिलेली. परत आलास की दोघं मिळून उघडू, असं ठरलं होतं. पावसाळ्यात वडील गेले. तीन विमानं बदलून पोचेपर्यंत माती होऊन गेली असती, म्हणून तो गेलाच नाही.

“आमच्याकडे या दिवसांत गेलेली माणसं घरी येतात,” तो म्हणाला. “त्यांच्या आवडीचं खायला-प्यायला मांडून ठेवतात. आमच्या घराला आता कुलूप आहे. मी इथे. वडील गावाबाहेर कधी गेले नाहीत. ते मला इथे कसे शोधतील? गेस्ट हाउसच्या खोलीत मी ही एकटा उघडू शकत नाही. तुमच्या मालकांनी सांगितलं, गावात लोकांबरोबर बसून उघडता येईल. म्हणून आणली.”

पुण्याच्या दोघांतला एक जण म्हणाला, “अहो, मग उघडू द्या ना. एकेक घोट. कुणाला कळतंय?”

“साहेब, परतीच्या वाटेवर नाका आहे. तोंडाचा वास घेतात.”

“पण प्रोग्रॅममध्ये छापलंय तुमच्या!”

“छापणारे नागपुरात बसलेत. धरला तर मी आणि माझी जीप धरली जाईल.”

अलोन्सोने बाटली परत टॉवेलात गुंडाळली, तान्हं पोर गुंडाळावं तशी. तेच मला सहन झालं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

कारण माझंही तसंच झालं होतं. सिंदीला माझ्या बाबांची आडत होती, म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस व्यापाऱ्याला विकून देण्याचं दुकान. मी गादीवर बसावं अशी त्यांची इच्छा होती, पण मी जीपच्या नादी लागलो. तरी त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. उलट नवी जीप दारात आली तेव्हा पांढऱ्या धोतरावर तेलाचा डाग पाडून घेत सगळं इंजिन बघितलं. ते गेले तेव्हा मी जंगलाकडे टूरवर होतो. मोबाइलला तिथे रेंज नव्हती. मी पोचलो तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. त्यांची आठवण आली की मला अजून कापसाच्या गंजीचा तो कोरडा, ऊबदार वास येतो, आणि काही सुचत नाही.

गिरजामायचं घर बांधापासून हाकेच्या अंतरावर. बांधही तिचाच. गिरजामाय कुमरे, गोंड बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आमच्या पाहुण्यांना ती भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढायची. जेवणानंतर घायपाताची भिजवलेली पानं ठेचून त्यातले धागे कसे काढायचे आणि दोर कसा वळायचा, ते दाखवायची. पाहुणे फोटो काढायचे. त्या दिवशी अलोन्सो फोटो काढायच्या ऐवजी तिच्याशेजारी मांडी घालून बसला आणि पान ठेचायला लागला. रस हाताला लागला तर खाज सुटते, म्हणून ती बाकीच्यांना हात लावू द्यायची नाही. याचा हात बघून ती थांबली.

“याले येते बाप्पा हे! कोन गावचा हाय हा?”

मी सांगितलं. मग सगळंच सांगितलं. बाप, बाटली, ती पूजा, कुलूप लागलेलं घर. तिचा हात दोर वळतच होता.

“बापाले काई देल्लं का यानं अजून?”

“नाई ना माय. बाटली खोलता येत नाई.”

“आंगनात नोको खोलू. मागं पोलीस आलते शेजारी, तवापासून जीव भेते माहा.” पुढचा पीळ घालत ती म्हणाली, “पन आमीबी पह्यले गेलेल्याइले देतो. दोन थेंब भुईवर. मंग आपन. यानं सबनच देऊन टाकावं बापाले. बापाचंच तं हाय.”

मी अलोन्सोला समजावून सांगितलं. त्याने विचारलं, “पण त्यांना इथली वाट कशी सापडेल?”

मी ते तिला मराठीत सांगितलं. गिरजामाय हसली.

“माहा मानूस कधी सेलूच्या पुढं गेला नाई. पोरगी देल्ली बुटीबोरीले. पोरगी म्हनते, बाबा सपनात येते, दारातल्या मोहाच्या झाडाखाली बसते. वळखीचं झाड दिसलं असन, बसला. याच्या बापाले माह्या बांधावर काय कमी हाय? एवढं घायपात हाय!”

हे मी इंग्रजीत जसं जमेल तसं सांगितलं. अलोन्सो उठला आणि थेट बांधाकडे चालायला लागला. आम्ही सगळे मागोमाग गेलो.

फुलाच्या दांड्याखाली त्याने बाटली उघडली. गिरजामायने डोक्यावरून पदर घेतला. पुण्याचे दोघेही घड्याळ बघायचे थांबले. त्याने स्वतःच्या भाषेत वडिलांना काहीतरी सांगितलं, बरंच काही. मधेच हसला. मग वर बोट करून त्यांना ते फूल दाखवलं. ती सगळी टकीला झाडाच्या बुंध्याशी हळूहळू ओतली. काळी माती ती पीत राहिली. ओला, गोडसर, थोडा धुराचा वास आला. शेवटचा घोट राहिला तेव्हा त्याने बाटली माझ्यापुढे धरली. “माझ्या वडिलांबरोबर,” तो म्हणाला.

मला घ्यावीशी वाटली. खोटं कशाला सांगू, फार वाटली. पण मी ड्रायव्हर होतो आणि नाका वाटेत होता. मी मानेनेच नकार दिला. मग तोही घोट मातीला गेला.

“वास तं बरा हाय,” गिरजामाय म्हणाली, आणि निघताना वळलेला दोर त्याच्या हातात दिला. “घरी जाशीन तं घेऊन जाजो.”

नाक्यावर अपेक्षेप्रमाणे गाडी अडवली. हवालदाराने सॅक उघडून टॉवेल सोडला.

“ही काय हाय?”

“रिकामी आहे साहेब.”

त्याने बाटली हुंगली. “दारू होती हिच्यात! कुठी गेली?”

“ओतून दिली, साहेब. पाहुण्याचे वडील वारले.”

“सबन?”

“सगळी.”

त्याने आम्हा चौघांची तोंडं हुंगली. कुणाच्याच तोंडाला वास नव्हता, नुसता ठेच्याचा. एवढ्या वर्षांच्या नोकरीत भरलेल्या बाटल्या पकडल्या असतील, पण वास न येणारी चार तोंडं आणि एक रिकामी बाटली त्याला पहिल्यांदाच भेटली असावी. अलोन्सोकडे बघून त्याने बाटली परत टॉवेलात ठेवली. “जा भाऊ,” म्हणाला. “पुढच्या टायमाले रिकामीबी आनू नोका.”

गुड्डूभाऊंकडे पुण्याच्या दोघांची तक्रार आधीच पोचली होती.

“काऊन बे, टेस्टिंग झालं नाई म्हनते?”

“झालं ना भाऊ.”

“कोनं केलं?”

“झाडानं.”

भाऊंनी फोन ठेवला. मग त्यांनी पुढच्या ब्रोशरमधून ती ओळ काढली आणि तिच्या जागी ‘रोप-मेकिंग’, म्हणजे दोर वळणं, घातलं. ते चांगलं चाललं. अलोन्सो काम संपवून निघून गेला. जायच्या आधी तो बसने एकटाच हिंगणीला गेला होता, हे मला गिरजामायने नंतर सांगितलं. बांधावर बसला, तिच्या हातची भाकर खाल्ली आणि गेला. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

घायपात एकदाच फुलतं आणि वाळून जातं. दुसऱ्या वर्षी तो दांडा आडवा पडला होता आणि त्याच्या बुडाशी पिल्लं उगवली होती. गिरजामायने त्यांतलं एक उपटून बांधाच्या दुसऱ्या टोकाला लावलं. “त्या लेकराच्या बापाचं,” म्हणायची.

या धंद्यात एवढं शिकलो की ब्रोशरमध्ये छापलेलं बहुधा घडत नाही, आणि घडतं ते छापता येत नाही. पुढे कंबरेने दगा दिला. जीप विकली. सिंदीचं दुकान तर आधीच गेलं होतं. आता आम्ही नागपुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. टकीलाची चव मला अजून माहीत नाही. कुठे नाव वाचलं की फक्त तो ओल्या मातीतला वास आठवतो, आणि तिकडे जावंसं वाटतं. पांदणीतून, लो गिअरमध्ये, हळूहळू.

बाबांनी हा फ्लॅट कधी पाहिला नाही. गॅलरीत मी दरवर्षी कुंडीत कपाशीचं एक झाड लावतो. दिवाळीच्या सुमारास त्याला चार-दोन बोंडं फुटतात. बायको पहिल्या वर्षी म्हणाली, “काऊन जी, एवढ्या जागेत तुळस नाई, मोगरा नाई, अन् कपाशी काऊन?”

“बाबाइले घर सापडलं पाह्यजे,” मी म्हणालो.

तिने मग कुंडी उचलून रस्त्याकडच्या कठड्यावर ठेवली, खालून दिसेल अशी.